व्हिटॅमिन ई, पांढरे उंदीर आणि आपल्या किडन्या

खलबत्ता | सोमवार, रात्री ९.४०

महाराष्ट्रातल्या कुठल्याही फार्मसी कॉलेजच्या लायब्ररीत जा आणि एम. फार्म.चे जुने थिसिस ठेवलेलं कपाट उघडा. फार्माकोलॉजीच्या खणात ‘जेंटामायसिनमुळे किडनीला होणाऱ्या इजेवर अमुक वनस्पतीच्या अर्काचा परिणाम’ अशा अर्थाचे मथळे हमखास सापडतील (जेंटामायसिन हे एक अँटिबायोटिक). वनस्पती तेवढी बदलते. कधी पुनर्नवा, कधी गोखरू, कधी शेवगा, कधी चक्क कोथिंबीर. बाकी साचा तोच. आणि अर्काची तुलना ज्याच्याशी करायची त्या गटाला पुष्कळदा व्हिटॅमिन ई किंवा सी दिलेलं असतं. म्हणजे या खोलीत व्हिटॅमिनचा गुण सिद्ध करायचा नसतो, तो गृहीतच असतो.

मी याच धंद्यातला. सध्या व्हॉट्सॲपवर ‘व्हिटॅमिन ई रोज घ्या, किडनी वाचवा, विज्ञानाने सिद्ध’ असा फॉरवर्ड फिरतोय. तो धडधडीत खोटा असता तर धागा काढलाच नसता. त्यातलं ‘सिद्ध’ खरं आहे, फक्त ते कुणाच्या किडनीत सिद्ध झालंय ते लिहिलेलं नाही.

प्रयोग असा असतो. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, एका गटात सहा. एका गटाला नुसतं सलाइन. दुसऱ्याला वजनाच्या दर किलोला ८० मिलिग्रॅम जेंटामायसिन, रोज पोटात इंजेक्शन, साधारण आठ दिवस. तिसऱ्याला तेच जेंटामायसिन, पण त्याआधी नळीने पाजलेलं व्हिटॅमिन ई. शेवटी रक्त काढून क्रिएटिनीन आणि युरिया बघायचा (किडनी बिघडली की हे दोन्ही रक्तात वाढतात), किडन्या काढून बर्फावर ठेवलेल्या नळीत घोटायच्या. या घोटलेल्या किडनीत थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या की रंग चढतो. पेशींच्या आवरणातली चरबी जितकी सडली असेल तितका गुलाबी. जेंटामायसिनच्या नळ्या गडद गुलाबी, सलाइनच्या जवळजवळ पाण्यासारख्या, आणि व्हिटॅमिन ईच्या त्या दोघींच्या मधल्या. ५३२ नॅनोमीटरवर आकडा घ्यायचा तो घेतोच, पण फरक स्टँडमध्ये ठेवलेल्या नळ्यांकडे नुसतं बघूनही कळतो. सूक्ष्मदर्शकाखाली तेच. एका स्लाइडवर किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी गळून नळीत पडलेल्या, दुसरीवर बऱ्याच जागच्या जागी.

हे का होतं? आपल्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत आत ओढून घेतात. या ओढकामाचा मोठा भार नलिकेच्या पहिल्या भागावर असतो. त्याला ऊर्जा लागते, म्हणून तिथल्या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांनी, खच्चून भरलेल्या. जिथे इतका ऑक्सिजन जळतो तिथे ठिणग्या उडणारच. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे. वर याच पेशी गाळलेल्या द्रवातून आणि रक्तातूनही औषधं आत घेतात. जेंटामायसिन मेगॅलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतं आणि साठत जातं. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध ओसीटी-२ नावाच्या वाहकातून रक्ताच्या बाजूने आत येतं. आत गेल्यावर ठिणग्या वाढतात आणि पेशीच्या आवरणातली चरबी पेट घेते. एक रेणू पेटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, लवंगी फटाक्यांच्या माळेसारखं. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळतं, त्यामुळे ते आवरणातच बसलेलं असतं. ते स्वतःचा एक हायड्रोजन देऊन टाकतं आणि माळ तिथे तुटते. मग व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा उभं करतं, आणि सीला सावरायला ग्लुटाथायोन असतं.

इथवर सगळं पक्कं आहे. आता फॉरवर्डमध्ये नसलेलं.

पहिली गोष्ट वेळ. उंदराला व्हिटॅमिन आधी मिळतं, विष नंतर. इजा कोणत्या दिवशी, किती वाजता होणार हे आम्हाला माहीत असतं, कारण ती आम्हीच करणार असतो. माणूस किडनीच्या डॉक्टरकडे पोहोचतो तेव्हा माळ बहुधा वाजून गेलेली असते.

दुसरी मात्रा. उंदराचा डोस माणसासाठी काढायचा तर दर किलोच्या डोसला साधारण ६.२ ने भागतात. व्हिटॅमिन ई या प्रयोगांत दर किलोला १०० ते २५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. २५० चे झाले ४०. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज २४०० मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या ४०० च्या सहा कॅप्सूल. प्रौढांची गरज रोज १५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा १००० ची. जेंटामायसिनही तसंच. ८० चे होतात १३, आणि वॉर्डात माणसाला दिवसाला दर किलोला साधारण ५ देतात.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि व्हायवात कुणीच विचारत नाही. उंदीर स्वतःचं व्हिटॅमिन सी स्वतःच्या यकृतात बनवतो. आपण नाही. त्यासाठी लागणारं शेवटचं एन्झाइम आपल्या पूर्वजांनी कधीच गमावलं. ई आणि सीची जोडी ज्या प्राण्यात मोजली त्याच्याकडे सीचा कारखाना घरचा आहे.

आणि हे उंदीर तरुण, नर, धडधाकट. ना मधुमेह, ना बीपी, ना गुडघेदुखीच्या गोळ्या.

माणसांवरच्या चाचण्यांबद्दल डॉक्टर मंडळींनी लिहावं, तो माझा प्रांत नव्हे.

---

शेवगा | सोमवार, रात्री १०.१५

अगदी वेळेवर धागा. (आणि माझ्या नावाच्या भाजीचाही उंदरांवर प्रयोग झालाय हे वाचून धन्य झाले.)

माझ्या सासऱ्यांचं क्रिएटिनीन १.८ आहे. वय ७२, शुगर जुनी. त्यांनी हाच फॉरवर्ड वाचून एव्हिऑन ४०० (ईची कॅप्सूल) आणि लिमसी (सीची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी) दोन्ही सुरू केलं, कुणाला न विचारता. विचारलं तर म्हणतात, ‘व्हिटॅमिनच आहे, कुठे औषध आहे?’ लिमसी तर चघळायला छान लागते म्हणून दिवसातून तीन-चार होतात. थांबवू की राहू दे? किडनीवाल्या डॉक्टरांची पुढची वेळ अजून लांब आहे.

---

नेफ्रॉन | मंगळवार, सकाळी ६.५०

खलबत्ता सर, फार छान लिहिलंत. मी किडनीविकारतज्ज्ञ आहे, राउंडला निघण्याआधी जमेल तेवढं लिहितो.

शेवगाताई, आधी तुमचं. चघळायच्या गोळ्या आजच बंद करा. व्हिटॅमिन सी शरीरात वापरलं गेलं की त्यातलं काही ऑक्झलेट होतं आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीचंच. चांगल्या किडनीला थोडं जास्तीचं ऑक्झलेट झेपतं. क्रिएटिनीन १.८ असलेल्या ७२ वर्षांच्या किडनीत ते साठायला लागतं, कॅल्शियमशी जुळून नलिकांत स्फटिक होतात. मोठ्या डोसने सी घेणाऱ्यांची किडनी यामुळे बंद पडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा बायॉप्सीची स्लाइड साध्या प्रकाशात पाहिली तर स्फटिक फिकट दिसतात, पोलराइझ्ड प्रकाशात नलिका न् नलिका रंगीत काचेसारखी चमकते. एकदा पाहिली की विसरत नाही. दिवसाला चार म्हणजे २००० मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम सांगितलंय.

एव्हिऑनबद्दल: ते रक्त पातळ करायची गोळी घेतात का? वॉर्फरिन असेल तर जास्त डोसचं ई रक्तस्राव वाढवू शकतं. नसेल तरी त्यांच्या किडनीसाठी ती गोळी घ्यायचं कारण मला दिसत नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि बंद करा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.

माणसांवरच्या चाचण्यांचं रात्री लिहितो.

---

सोलकढी | मंगळवार, सकाळी ९.०५

डॉक्टर लिहितीलच, पण मला या धाग्याचा सूर थोडा एकतर्फी वाटतोय. माणसांत काहीच दिसलं नाही असं नाही. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायमुळे किडनीला इजा होते, त्यावर ग्रीसमध्ये २००४ साली चाचणी झाली. २३१ रुग्ण, सगळ्यांची किडनी आधीच थोडी कमजोर. अर्ध्यांना डायच्या आधी ३ ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि नंतर २-२ ग्रॅमचे दोन डोस. सी घेतलेल्यांत ९ टक्क्यांना इजा, न घेतलेल्यांत २० टक्क्यांना. पुढे थायलंडमध्ये व्हिटॅमिन ई देऊनही इजेचं प्रमाण कमी आढळलं.

आणि इस्रायलची स्पेस चाचणी, २००० साल. आधीच हृदयविकार असलेले डायलिसिसचे १९६ रुग्ण, रोज ८०० युनिट ई. हार्ट अटॅक वगैरे घटना ३३ टक्क्यांवरून १६ वर आल्या. लॅन्सेटमध्ये छापून आलंय, व्हॉट्सॲपवर नाही. :)

---

खलबत्ता | मंगळवार, दुपारी १.३०

सोलकढी, मुद्दा रास्त. आणि बघा, तुम्ही दिलेली पहिली दोन्ही उदाहरणं इजेची वेळ आधीच माहीत असलेली आहेत. अँजिओग्राफी उद्या सकाळी आहे म्हटल्यावर आज रात्री गोळी देता येते. म्हणजे उंदराच्या प्रयोगाच्या सर्वात जवळचा मानवी प्रसंग हाच. तिथे नाही चाललं तर कुठे चालणार?

---

तिसरी_घंटा | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

खलबत्तांनी सिस्प्लॅटिनचा उल्लेख केलाय म्हणून लिहितेय. आईला घशाचा कॅन्सर होता, रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन चालू होतं. किमोच्या दिवशी त्या वॉर्डात औषधापेक्षा पाण्याचाच पसारा जास्त. आधी सलाइनची बाटली, तिच्यात मॅग्नेशियमचं अँप्युल फोडून घातलेलं. मग सिस्प्लॅटिनची बाटली, आणि मागाहून पुन्हा सलाइन. बेडखाली मापाचा प्लास्टिकचा जग. प्रत्येक वेळी लघवी त्यात मोजून तक्त्यावर लिहायची, आणि आकडा कमी पडला की सिस्टर पुढची बाटली जोडायला थांबायच्या. आई वैतागायची, ‘कॅन्सरचा इलाज करताय की माझी लघवी मोजताय!’

मी तेव्हा नेटवर वाचून व्हिटॅमिन ईचं विचारलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. वर, घरात असलेल्या सगळ्या ‘ताकदीच्या’ गोळ्यांची यादी मागून घेतली आणि तीही थांबवली. कारण विचारायचं तेव्हा सुचलं नाही. कुणी सांगेल का?

---

नेफ्रॉन | मंगळवार, रात्री १०.५०

तिसरी_घंटा, तुमचं आधी, कारण उत्तर नेमकं आहे.

सिस्प्लॅटिन कॅन्सरच्या पेशीचा डीएनए जखडून तिला मारतं आणि त्यातही त्याच ठिणग्यांचा हात असतो. किरणांचा मारा तर बराचसा त्यांच्याच जोरावर चालतो. मग किडनीची पेशी वाचवणारी गोळी गाठीची पेशी वाचवणार नाही याची हमी कोण देणार? ही नुसती शंका नाही. कॅनडात क्वेबेकमध्ये डोकं-मान भागाच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली, सगळ्यांना रेडिएशन, निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई. २००५ मध्ये निकाल आले. ई घेण्याच्या काळात त्या गटात नव्या कॅन्सरचं प्रमाण जास्त निघालं. तंबाखूमुळे आपल्याकडे याच भागाचे कॅन्सर इतके आहेत की हा निकाल आपल्याला जास्तच लागू.

तुमच्या आईंना दिलेलं पाणी आणि मॅग्नेशियम हाच खरा इलाज. सिस्प्लॅटिन मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर घालवतं आणि मॅग्नेशियम कमी झालं की किडनीला इजा अधिक होते, म्हणून ते अँप्युल. घरी गेल्यावर उलट्यांनी पाणी कमी पडणं हा दुसरा धोका. लघवी मोजायच्या त्या जगाला नावं ठेवू नका.

आता सोलकढींचं. ग्रीसची चाचणी खरी, आकडेही बरोबर. अडचण अशी की नंतरच्या सगळ्यांना तसंच दिसलं नाही. २३१ मध्ये ९ आणि २० टक्के म्हणजे प्रत्यक्षात ११ विरुद्ध २३ माणसं. त्यात इजा म्हणजे काय? क्रिएटिनीन ०.५ ने किंवा २५ टक्क्यांनी वाढणं. डायलिसिस लागलं किंवा माणूस दगावला असं नव्हे.

याच जातीचं दुसरं अँटिऑक्सिडंट (ठिणग्या विझवणारं द्रव्य) म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. ते आम्ही वर्षानुवर्षं अँजिओग्राफीच्या आदल्या रात्री सर्रास देत होतो. छोट्या चाचण्यांत गुण दिसायचा. मग ब्राझीलमध्ये २३०८ रुग्णांवर झाली (२०११), फरक शून्य. मग प्रिझर्व्ह नावाची, जवळजवळ ५००० रुग्ण, २०१८. फरक शून्य, आणि इथे ९० दिवसांपर्यंतचा मृत्यू, डायलिसिस, कायमची घट हे सगळं मोजलं होतं. व्हिटॅमिन सी-ईची इतकी मोठी चाचणी डायच्या बाबतीत झालेली नाही, पण भाऊबंदांचं हे बघितल्यावर माझी उमेद फारशी राहिलेली नाही. आता तर नव्या डायचा धोकाच आम्ही वाढवून सांगत होतो असं मत झालंय. किडनीचं काम ३० टक्क्यांच्या खाली असेल तर आधी-नंतर सलाइन, आणि डाय कमीत कमी.

स्पेसबद्दल: १९६ रुग्ण. होप चाचणीत ९५०० हून जास्त लोकांना साडेचार वर्षं एक तर ४०० युनिट ई नाही तर औषध नसलेली नुसती गोळी दिली. हृदयाला फायदा नाही. पुढे तेच लोक आणखी काही वर्षं पाहिले तेव्हा ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त. प्रोस्टेटवरची सिलेक्ट चाचणी, ३५ हजार पुरुष, रोज ४०० युनिट: प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. ‘व्हिटॅमिनच आहे, कुठे औषध आहे’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना हा आकडा सांगा.

---

वरणफळं | बुधवार, सकाळी ११.१०

मी डायलिसिस युनिटमध्ये आहारतज्ज्ञ आहे. दुसरी बाजूही मांडते, नाहीतर सगळे घाबरून व्हिटॅमिनचं नावच टाकतील.

डायलिसिसच्या रुग्णांना व्हिटॅमिन सी खरोखर कमी पडतं. ते पाण्यात विरघळतं, मशीनमधून दर खेपेला निघून जातं. त्यात पोटॅशियम कमी करायला आम्हीच सांगतो की भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या. त्या पाण्याबरोबर सीसुद्धा मोरीत. फळं तर आधीच मोजकी. म्हणून आमच्याकडे डॉक्टर छोट्या डोसची बी-कॉम्प्लेक्स आणि सीची गोळी लिहून देतात, सी साधारण ६० ते १०० मिलिग्रॅमच्या आत. चघळायची ५०० ची नव्हे.

‘मग आवळ्याचा रस घेऊ का, नैसर्गिक आहे’ हा प्रश्न मला रोज येतो. रसात पोटॅशियमही येतं. शहाळ्याचं पाणी तर पोटॅशियममुळे थेट आयसीयूत नेऊ शकतं. नैसर्गिक-अनैसर्गिक किडनीला कळत नाही, मिलिग्रॅम कळतात.

व्हिटॅमिन ए असलेल्या मल्टिव्हिटॅमिनपासून लांब राहा. किडनी कमजोर असली की ए रक्तात साठतं.

ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांना ई जेवणातून मिळतंच. करडईचं किंवा सूर्यफुलाचं दोन चमचे तेल, मूठभर शेंगदाणे, चार बदाम. सोलापूरकडची करडई घाण्यावरून आणणारे इथे बरेच असतील, त्यांनी कॅप्सूलला हातसुद्धा लावू नये.

---

बे_एरियाचा_बंड्या | बुधवार, रात्री ११.०२

इकडे दुकानात ई आणि सी किलोच्या डब्यात मिळतं, चॉकलेटच्या शेजारी. भारतातून आलेले आईबाबा जाताना बॅगेत भरून नेतात. आता पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचं ते कळलं.

अवांतर: डायलिसिसच्या गाळणीलाच व्हिटॅमिन ईचा लेप देतात असं मागे वाचलं होतं. ते काय प्रकरण?

---

नेफ्रॉन | गुरुवार, सकाळी ६.४५

खरं आहे. जपानमध्ये १९९० च्या दशकापासून अशा गाळण्या आहेत, इटलीतही वापरतात. कल्पना हुशार आहे. डायलिसिसमध्ये रक्त परक्या पृष्ठभागाला घासून जातं, पांढऱ्या पेशी खवळतात, ठिणग्या तिथेच उडतात, तर ई तिथेच ठेवा. गोळीसारखं सगळ्या शरीरभर नाही. रक्तातले ठिणग्यांचे मापदंड सुधारतात. रुग्ण जास्त जगतात असं ठोस दिसलेलं नाही.

---

कौलारू | गुरुवार, दुपारी ४.३०

वाचतोय. एक शंका. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा) व्हिटॅमिन सीचं इंजेक्शन देतात असं कोविडच्या काळात खूप ऐकलं. त्यात किडनीही वाचते म्हणायचे.

---

नेफ्रॉन | गुरुवार, रात्री ९.१५

लोव्हिट चाचणी, २०२२, ८७२ रुग्ण. सी दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के लोक २८ दिवसांनी एक तर दगावलेले किंवा अवयव अजून यंत्राच्या नाहीतर औषधाच्या आधारावर. न दिलेल्यांत ३८.५. म्हणजे उलट. का ते नक्की सांगता येत नाही. पण एक गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो: सुटं लोह आसपास असेल तर सी ठिणग्या विझवत नाही, वाढवते. ते लोहाला पुन्हा अशा रूपात आणतं की हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून सगळ्यात जहाल हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार व्हावं. स्नायू चिरडले गेले किंवा रक्तपेशी फुटल्या की असं लोह सुटतं, आणि नेमका तेव्हाच किडनीला धोका असतो. शिवाय शिरेतून खूप सी दिलं की काही ग्लुकोमीटर शुगर खोटी जास्त दाखवतात. त्यावर इन्सुलिन ठोकलं की संपलं.

ज्याने खरोखर किडन्या वाचतात ते कुणी फॉरवर्ड करत नाही. माझ्या ओपीडीत वारंवार दिसणारं त्रिकूट: बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, आणि गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेलं डायक्लोफेनॅक. तिन्ही एकत्र, वर मे महिन्याचं ऊन किंवा दोन दिवसांचे जुलाब. चार दिवसांत क्रिएटिनीन १.१ चं ४. इथे अँटिऑक्सिडंट काय करणार? किडनीला रक्तच पोहोचत नाहीये. कोकणात घोणस चावलेला माणूस येतो, त्याला प्रतिसर्पविष जितकं लवकर तितकी किडनी वाचायची आशा जास्त. मध्य अमेरिकेत ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुणपणी जाऊ लागल्या तेव्हा तिथे पाणी, विसावा आणि सावली हा कार्यक्रम राबवला. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडात यातलं काय मिळतं ते बीडकरांनी सांगावं.

---

शेवगा | शुक्रवार, सकाळी १०.००

डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं त्रिकूट वाचून सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा उपडा केला. टेल्मिसार्टन आहे, पाण्याची गोळी आहे, आणि मूव्हच्या ट्यूबमागे दडवलेली डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप. ‘रोज नाही घेत, लागेल तेव्हाच’ म्हणे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. डायक्लोफेनॅक बंद, त्याऐवजी पॅरासिटामॉल, आणि क्रिएटिनीन-पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगितलंय. लिमसीची बाटली नातवाला दिली तर चालेल का विचारत होते, तीही मी ठेवून दिलीय.

---

सोलकढी | शुक्रवार, दुपारी १२.२०

नेफ्रॉन, चाचण्यांच्या आकाराचा मुद्दा पटला. स्पेससारखीच पण मोठी चाचणी डायलिसिसवाल्यांत कुणी केली नाही याची खंत मात्र राहणार. होपमधले बहुतेक लोक डायलिसिसवर नव्हते, त्यांच्या शरीरातली जळजळ या लोकांच्या मानाने काहीच नाही. तिथे अजून प्रश्न उघडा आहे असंच मी म्हणेन.

खलबत्ता, तुम्हाला एक थेट प्रश्न. उंदरांचं माणसाला लागू होत नाही हे तुम्हीच लिहिलंत. मग तुमच्या कॉलेजात दरवर्षी तोच प्रयोग का? उंदीर फुकट मरतात की.

---

खलबत्ता | शुक्रवार, रात्री १०.३०

लागू होत नाही असं नाही लिहिलं. यंत्रणा लागू होते. वेळ, मात्रा आणि प्राणी लागू होत नाहीत.

दरवर्षी तोच का, याचं उत्तर खरं सांगू? विद्यार्थ्याच्या हातात प्रयोगासाठी जेमतेम वर्ष. त्यात सिनॉप्सिस, प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी, उंदीर यायची वाट, आणि शेवटी लिहून बाइंडिंग. जेंटामायसिन मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं, आठ दिवसांत किडनी हमखास बिघडते, व्हिटॅमिन ई कोपऱ्यावरच्या दुकानात. थायोबार्बिट्युरिक ॲसिडची बाटली एकदा आणली की कितीतरी बॅचेस निघतात. साचा असा घट्ट बसलाय की निकाल आधीच माहीत असतो. अर्क दिलेला गट ईच्या गटाच्या जवळपास येणार, निष्कर्षात ‘अँटिऑक्सिडंट गुणधर्मामुळे असावे’ हे वाक्य येणार. उंदीर फुकट मरतात हा आरोप मी नाकारणार नाही.

यंदा एका मुलीला साचा मोडायला लावलाय. इजा झाल्यावर, क्रिएटिनीन चढलेलं दिसल्यावर मग ई सुरू करायचं, असा एक गट. दुसऱ्या गटाला माणसाच्या डोसला ६.२ ने गुणून येईल तेवढंच, जास्त नाही. उंदीर घरचं सी बनवतो तो प्रश्न राहतोच. त्यासाठी गिनिपिग हवेत, ते आपल्यासारखेच सी बनवत नाहीत, पण सांभाळायला महाग. प्रस्ताव समितीकडे गेलाय.

---

वरणफळं | शनिवार, सकाळी ९.४०

माद्या घेतल्यात का?

---

खलबत्ता | शनिवार, सकाळी १०.०५

घेतल्यात, निम्म्या. समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारलं गेलं, ‘कशाला, नरांत आकडे नीट येतात ना?’ उत्तर लेखी मागवलंय, तेच लिहीत बसलोय.